मशीन बरं झालं

ठोक्याच्या घरात दोन प्रकारची माणसं होती. आवाज करणारी आणि आवाज बंद करणारी. पहिल्या प्रकारात ठोक्या एकटा. दुसऱ्या प्रकारात त्याचे आई-बाबा, वरच्या मजल्यावरचे शेजारी, खालच्या मजल्यावरचे शेजारी आणि समोरच्या इमारतीतला एक कुत्रा. ठोक्यानं स्पीकर लावला की हा कुत्रा इतक्या संयमानं भुंकायचा, की त्यापेक्षा त्यानं शिव्या दिल्या असत्या तर बरं, असं वाटावं.

ठोक्या हे अर्थातच टोपणनाव. लहानपणी जेवायला बसला की चमच्यानं ताट, ताटानं टेबल आणि वेळ पडली तर डोक्यानं भिंत बडवायचा, म्हणून पडलेलं. खरं नाव बँकेला आणि दाताच्या डॉक्टरांना ठाऊक होतं. तो इलेक्ट्रॉनिक संगीत करायचा आणि मिळेल तिथे डीजे म्हणून वाजवायचा. नातेवाइकांना हे समजावून सांगणं हा त्याच्या धंद्यातला सगळ्यात अवघड भाग होता.

"म्हणजे तू वाजवतोस काय नेमकं?" मामा दर वेळी विचारायचा.

"आवाज गोळा करतो, लॅपटॉपवर जोडतो, त्याचा ट्रॅक करतो."

"हो, पण वाजवतोस काय?"

"बटणं."

यावर मामा आईकडे बघायचा आणि आई छताकडे. मामाचं फरशीचं दुकान होतं. त्याच्या शर्टाच्या खिशात पेनाऐवजी फरशीचे नमुने असायचे, आणि कुणी दोन मिनिटं एका जागी उभं राहिलं की तो त्यातला एक काढून हातात द्यायचा. घरात असा ठराव झाला होता, की या वर्षात ठोक्याचं संगीतात काही जमलं तर जमलं, नाहीतर नव्या वर्षापासून त्यानं मामाच्या दुकानात बसायचं. मामानं त्यासाठी नवी खुर्चीसुद्धा आणून ठेवली होती. तिच्यावरचं प्लास्टिक अजून काढलेलं नव्हतं. दर आठवड्याला त्याचा फोन यायचा, "काय भाचेबुवा, प्लास्टिक काढू का?"

आता बाबा. बाबांची अख्खी नोकरी पाण्याचे पंप बनवणाऱ्या कारखान्यात गेली, आणि तीही आवाजाच्या खोलीत. या खोलीत एकेक पंप आणून चालू करायचे. बाबा लाकडी दांडक्याचं एक टोक पंपाला लावायचे, दुसरं कानाला, आणि डोळे मिटून उभे राहायचे. कुठे खरखर, कुठे टकटक ऐकू आली की नुसतं बोट दाखवायचे. तो पंप परत. ज्याचा आवाज अजिबात येत नाही तो पंप बाबांच्या मते सज्जन. माणसांच्या बाबतीतही त्यांचं हेच मत होतं, त्यामुळे मुलाबद्दल ते जास्त बोलत नसत.

निवृत्त झाल्यावर बाबांचे हात-पाय खूश झाले, पण कान बेकार झाला. त्यांनी घरातला पंखा गप्प केला. फ्रिज गप्प केला. दाराच्या बिजागऱ्यांना असं तेल पाजलं, की घरात कोण कधी आलं ते कळेनासं झालं, आणि आई दोनदा दचकून पातेली पाडून बसली. मग त्यांनी मिक्सर उघडला. तो अजून उघडाच आहे. तेव्हापासून आईनं फतवा काढला, की वॉशिंग मशीनला हात लावायचा नाही.

आणि नेमकं वॉशिंग मशीनच बिघडलेलं होतं. समोर गोल काचेचं दार असलेलं, जुनं, जाडजूड मशीन. कपडे धुवायचं मुकाट्यानं. पण पिळायची वेळ आली, की त्याच्या अंगात यायचं. धबक्, टिक्, घर्रर्र, टिक्, धबक्. बाबा बाहेरच्या खोलीत वर्तमानपत्र धरून बसायचे आणि प्रत्येक 'टिक्'ला त्यांचा उजवा डोळा मिटायचा. कपडे मात्र कोरडे निघत होते, म्हणून आईची तक्रार नव्हती.

एका दुपारी ठोक्यानं बाथरूमच्या खुंटीला टॉवेलशेजारी मायक्रोफोन टांगला आणि हे सगळं रेकॉर्ड केलं. पुढचे काही दिवस त्यानं ते कापलं, ताणलं, उलटं केलं, खाली घुमणारा सूर घातला आणि ट्रॅक इंटरनेटवर टाकून दिला. त्या दिवशी मशीनमध्ये बाबांचे कपडे होते, म्हणून नाव दिलं 'भिजलेला माणूस'.

आधी तो ट्रॅक तिघांनी ऐकला. त्यातला एक ठोक्या होता. मग कोण जाणे काय झालं, तो व्यायामशाळेत वाजायला लागला. मग केस कापायच्या दुकानात. मग लोकांनी त्यावर नाचून व्हिडिओ टाकले. एका जाणकारानं लिहिलं, की हा ठोका म्हणजे गर्दीत हरवलेल्या माणसाची धाप आहे. दुसऱ्यानं लिहिलं, की धाप नव्हे, हा आईच्या उदरात ऐकू येणारा पहिला ध्वनी आहे. प्रत्यक्षात ती बाबांची तपकिरी पँट होती.

मग फोन आला. संगीत कंपनीच्या मॅडम. त्यांचा आवाज असा, की नुसतं "हॅलो" म्हटलं तरी ऐकणाऱ्यानं शर्टाचं वरचं बटण लावावं.

"तो 'टिक्' कुठल्या सिंथेसायझरचा आहे?"

"खास आहे," ठोक्या म्हणाला. "बाजारात मिळत नाही."

"वाटलंच मला. हे बघा, येत्या रविवारी दुपारी मैदानावर आमचा कार्यक्रम आहे. एक कलाकार गळालाय. तुम्ही या. पण रेकॉर्ड लावून हात हलवणारे डीजे मला चालत नाहीत. तो ट्रॅक लोकांसमोर उलगडून दाखवायचा. एकेक आवाज सुटा आत येऊ दे. शेवटी सगळं थांबवून तो मधला 'टिक्'वाला आवाज एकटा ऐकवा. मी पुढेच उभी असेन. आवडलं तर आपण अख्खा अल्बम करू."

"आणि नाही आवडलं तर?"

"तर तुम्ही दुसरं काय करता?"

"फरशी," ठोक्या म्हणाला. त्याच्या तोंडून आपोआपच निघालं.

फोन ठेवून तो खोलीभर नाचला. कुत्रा संयमानं भुंकला. मग ठोक्यानं सुटे आवाज काढायला लॅपटॉप उघडला आणि त्याचं नाचणं थांबलं.

झालं होतं असं. ट्रॅक करताना ठोक्यानं फायलींना नावं दिली होती: शेवटचं. शेवटचं नक्की. शेवटचं खरंच. शेवटचं देवाशपथ. शेवटचं आता बास. लॅपटॉपमधली जागा संपली, तेव्हा त्यानं 'आता बास' तेवढं ठेवलं आणि बाकी सगळं पुसून टाकलं. 'आता बास' म्हणजे तयार झालेला, सगळे आवाज एकत्र घोटलेला ट्रॅक. त्यातून 'टिक्' सुटा काढणं म्हणजे चहा ढवळून झाल्यावर साखर परत डब्यात भरण्यासारखं. आणि मुळातलं मशीनचं रेकॉर्डिंग? त्या फायलीचं नाव त्यानं 'बाथरूम' असं ठेवलं होतं. ते तर त्यानं सगळ्यात आधी पुसलं होतं.

पण ठोक्या घाबरला नाही. घाबरायचं कारणच काय? मूळ गायक घरातच होता. तो मायक्रोफोन घेऊन बाथरूमकडे निघाला.

बाथरूममध्ये बाबा उभे होते. कोपरापर्यंत काळे, चेहऱ्यावर असं तेज, जसं घरात बाळ जन्माला आलंय. आई दोन दिवसांसाठी मावशीकडे गेली होती आणि बाबांनी संधी साधली होती.

"ये ये," बाबा म्हणाले. "काय ऐकू येतंय?"

मशीन पूर्ण वेगानं पिळत होतं. काचेमागे कपडे गरगरत होते. ठोक्यानं कान टवकारले.

"काहीच नाही," तो म्हणाला.

"काहीच नाही!" बाबांनी मांडीवर थाप मारली. "बेअरिंग खलास झालं होतं. नवं घातलं. पाय वाकडे होते, समतल केले. आणि आतल्या पिंपाच्या खाली ही अडकली होती. हीच ती टिक् टिक्." त्यांनी शर्टाच्या खिशातून एक तार काढली. लांब, चपटी, अर्धगोल वाकलेली तार. ती आईच्या कुठल्या वस्त्रातून निसटून आली असावी, हे दोघांनाही एकदमच कळलं. दोघांनी एकदमच खिडकीबाहेर पाहिलं. या विषयावर त्या घरात पुढेही कधी चर्चा झाली नाही. बाबांनी तार परत खिशात ठेवली.

"बाबा," ठोक्या म्हणाला, "तुम्ही काय केलंत हे?"

"दुरुस्त केलं."

"परत बिघडवा."

बाबांनी हात पुसायचे थांबवले. "काय म्हणालास?"

ठोक्यानं सगळं सांगितलं. मॅडम, मैदान, रविवार, अल्बम, खुर्चीवरचं प्लास्टिक. बाबांनी शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाले, "म्हणजे व्यायामशाळेत वाजतं ते हे मशीन होतं?"

"हो."

"मी तिथल्या माणसाला जाऊन सांगून आलो होतो, की तुमचं बेअरिंग गेलंय."

"बाबा, प्लीज."

"हे बघ, एवढी वर्षं मी बिघाड शोधले. बिघाड घातला नाही कधी. डॉक्टरला जाऊन म्हणशील का, की कालच्या पेशंटला परत ताप आणा?" आणि ते वर्तमानपत्र घेऊन बाहेर जाऊन बसले.

मग ठोक्यानं स्वतःच बिघाड करायला घेतला. आधी चमचे टाकले. मशीन खुळखुळलं, जसं कुणी भांडी घासतंय. मग बूट टाकला. आवाज आला, पण तो बुटाचा आवाज होता. मग मामानं दिलेले फरशीचे नमुने मोज्यात बांधून टाकले. मशीननं ते मोज्यासकट चावून दाखवले.

बाहेरच्या खोलीत वर्तमानपत्राचं पान बराच वेळ उलटलं नव्हतं.

"ते तसं नव्हतं," बाबांचा आवाज आला.

ठोक्यानं बूट काढून दुसऱ्या बाजूला टाकला.

"अरे, 'टिक्' आधी यायचा. मग घर्र. आणि धबक् डावीकडून. तू उजवीकडून आणतोयस."

ठोक्यानं मुद्दाम अजून उजवीकडून आणला.

वर्तमानपत्र खाली पडलं. बाबा बाथरूमच्या दारात येऊन उभे राहिले. उजवा डोळा मिटलेला. "हो बाजूला," ते म्हणाले. "बिघाडसुद्धा नीट करावा लागतो. गबाळेपणा मला चालत नाही."

जुनं बेअरिंग त्यांनी टाकलेलं नव्हतंच. ते त्यांच्या खणात कागदात गुंडाळून ठेवलेलं होतं, निवृत्त माणसानं निवृत्ताची काळजी घ्यावी तसं. ते परत बसवलं. तार पुन्हा पिंपाखाली सरकवली, एका विशिष्ट कोनात. मागचा डावा पाय आखूड केला. मग बाबांनी लाटणं आणलं, एक टोक मशीनला लावलं, दुसरं कानाला, आणि डोळे मिटले.

"चालव."

धबक्, टिक्, घर्रर्र, टिक्, धबक्.

ठोक्याच्या अंगावर काटा आला. "बाबा! हाच!"

"हाच कसा? दुसरा 'टिक्' जरा आळशी आहे. बंद कर. परत."

ठोक्याला वाटलं होतं, की कंपनीच्या मॅडम कडक आहेत. पण बाबांपुढे त्या म्हणजे दुधावरची साय. संध्याकाळपर्यंत बाबांनी मशीनकडून तो आवाज इतक्या वेळा काढून घेतला, की एखादा गायक असता तर घसा धरून घरी गेला असता. त्यांना आता त्यात गोडी लागली होती. "खाली अजून थोडं जड पाहिजे, नाही का?" असं ते म्हणाले, आणि ठोक्यानं आयुष्यात पहिल्यांदा वडिलांकडे सहकलाकार म्हणून पाहिलं.

अडचण एकच होती. रेकॉर्डिंग. दुसरा 'टिक्' नीट यायला बाबांना मशीनला गुडघा लावून उभं राहावं लागायचं, आणि आवाज जमला की बाबांना गप्प बसवत नसे. प्रत्येक रेकॉर्डिंगमध्ये धबक्, टिक्, घर्रर्र, "हां, हे बघ, आलं!", टिक्, धबक्. बाबांना बाहेर काढलं तर 'टिक्' जायचा. आत ठेवलं तर बाबा यायचे. तोंडात रुमाल धरून पाहिला, तर "हं! हं!" यायचं.

शनिवारी सकाळी ठोक्यानं डोकं धरलं. "संपलं. मामाला सांगा, प्लास्टिक काढ."

बाबा लाटणं पुसत होते. "रेकॉर्डिंग हवंच कशाला?" ते म्हणाले. "पंप तपासायला आमच्याकडे पंपाचा फोटो पाठवत नसत कुणी. पंपच आणायचे."

ठोक्यानं वर पाहिलं.

"मामाचा टेम्पो आहे ना?" बाबा म्हणाले.

रविवारी सकाळी मामा टेम्पो घेऊन आला तो खुशीतच. जिन्यातून मशीन खाली येताना पाहून त्याचे डोळे पाणावले. "शाब्बास रे. सगळं विकायला काढलंस? दुकानात बसायचं ठरलं ना एकदाचं?"

"आधी मैदानावर जायचंय," ठोक्या म्हणाला.

"मैदानावर कोण घेतंय हे?"

"तिथं ते गाणार आहे."

मामानं बाबांकडे पाहिलं. घरात शहाणं माणूस कोण, तर दाजी, असं त्याचं मत होतं. दाजी कारखान्यातला जुना करडा कोट घालून, हातात लाटणं घेऊन, मशीनच्या शेजारी टेम्पोत चढून बसले होते. "हळू चालव," ते म्हणाले. "त्याची तार हलेल."

मामा मुकाट्यानं गाडी चालवायला लागला.

इकडे आई मावशीकडून परतली. तिनं पिशवी ठेवली, बाथरूममध्ये गेली आणि बाहेर आली. जिथं मशीन होतं, तिथं फरशीचा एक स्वच्छ चौकोन उरला होता. तिनं फोन लावला.

"मशीन कुठंय?"

"कार्यक्रमाला गेलंय," बाबा म्हणाले.

"कुणाच्या?" आईनं विचारलं.

"त्याच्याच. तू पण ये. आणि येताना अजून चार ओले कपडे आण, जोडीला असू देत. इथं नळ नाही."

आई आली तेव्हा मशीन स्टेजवर मधोमध उभं होतं. त्याच्या एका बाजूला ठोक्याचं टेबल, लॅपटॉप, बटणं. समोर माइक आणि कॅमेरा, मागे भलामोठा पडदा, ज्यावर मशीनची गोल काच घराएवढी दिसत होती. खाली मैदानभर तरुण पोरं-पोरी. ठोक्यानं तालमीसाठी घरून बादलीत घालून आणलेले कपडे आत भरायला घेतले होते: दोन विरलेले टॉवेल आणि बाबांचा बनियन.

आईनं पडद्याकडे पाहिलं. मग बनियनकडे.

"हे?" ती म्हणाली. "एवढ्या लोकांसमोर ही भोकं गरगर फिरवणार? एवढी मोठी दिसणार?"

"अगं आई, आवाज या कपड्यांवर बसवलाय."

"आणि अब्रू कुणावर बसवलीय?"

तिनं टॉवेल बाहेर काढले, बनियन स्वतःच्या पर्समध्ये कोंबला आणि पिशवीतून पाहुण्यांसाठी राखून ठेवलेली डबल बेडची जाड चादर काढली. निळी, मोठ्या पिवळ्या फुलांची. ती तिनं घरूनच भिजवून आणली होती. "आता बघू दे कुणाला बघायचंय ते," म्हणून तिनं काचेचं दार लावलं. तेवढ्यात निवेदकानं ठोक्याचं नाव पुकारलं आणि वाद घालायला वेळच उरला नाही.

सुरुवात छान झाली. ठोक्यानं खालचा घुमणारा सूर सोडला. त्यावर टाळी. त्यावर झांजेसारखी सळसळ. गर्दी डोलायला लागली. अगदी पुढे, हाताची घडी घालून, पांढऱ्या शर्टातल्या एक बाई उभ्या होत्या. त्या डोलत नव्हत्या. ठोक्यानं बाबांना खूण केली. बाबांनी मशीनला गुडघा लावला आणि बटण दाबलं.

पडद्यावर पिवळी फुलं फिरायला लागली. पोरांनी आरोळी ठोकली.

धबाक्! टिक्! घर्रर्रर्र!

पाहुण्यांच्या चादरीत पाहुण्यांइतकं वजन होतं. स्टेज हादरलं. मैदानातल्या पोरांच्या छातीत तो ठोका जाऊन बसला असावा, कारण सगळं मैदान एकदमच उसळलं. ठोक्या खूश झाला. पण बाबांचा चेहरा उतरला. त्यांना कळत होतं, की बाकी कुणाला जे अजून दिसलं नाही ते व्हायला लागलंय. मशीन चालायला लागलं होतं.

खरंच चालायला. डावा पाय, उजवा पाय, डावा पाय, स्टेजच्या काठाकडे, मॅडमच्या दिशेनं. मामा बाजूला उभा होता, तो धावत आला आणि त्यानं मशीनला मागून घट्ट मिठी मारली. मशीन थांबलं नाही. मामा मशीनबरोबर थरथरत पुढे सरकायला लागला. पोरांना वाटलं, नाच बसवलाय. मैदानातल्या अर्ध्या लोकांनी शेजारच्याला मागून मिठी मारली आणि थरथरायला सुरुवात केली.

"दाजी! दाजी, काहीतरी करा!" मामा ओरडला, आणि सवयीनं खिशातला फरशीचा नमुना काढून पुढे केला.

इकडे ठोक्याची सगळ्यात महत्त्वाची जागा आली होती. त्याला काही दिसत नव्हतं, तो बटणांवर वाकला होता. ठरल्याप्रमाणे त्यानं एका फटक्यात बाकीचे सगळे आवाज बंद केले, कारण आता मशीन एकटं ऐकू यायचं होतं.

आणि त्याच क्षणी बाबांनी, आयुष्यभराच्या सवयीनं, काही विचार न करता, तोच फरशीचा तुकडा मशीनच्या आखूड पायाखाली सरकवला. मशीन सरळ झालं, बेअरिंगवरचा भार उतरला, तार पिंपापासून सुटली.

मशीन गप्प झालं.

चादर फिरत होती, पण आवाज नाही. सज्जन मशीन. अख्खं मैदान शांत झालं. इतकं शांत, की लांबून कुणाच्या तरी गाडीचा दरवाजा लागल्याचं ऐकू आलं.

ठोक्यानं मान वर केली. त्याच्याकडे वाजवायला काहीही नव्हतं. सगळं परत सुरू करावं, तर मॅडमना एकटा ऐकायचा होता तो आवाज गेला. तो नसेल तर अल्बम नाही. अल्बम नसेल तर खुर्ची. त्याला त्या प्लास्टिकची चुरचुरसुद्धा ऐकू आली. "बाबा," तो ओठांतल्या ओठांत म्हणाला, "का?"

बाबांचं त्याच्याकडे लक्ष नव्हतं. ते गर्दीकडे बघत होते.

कारण गर्दी हलली नव्हती. नाचणाऱ्या लोकांना ठाऊक असतं, की असं सगळं अचानक थांबलं, की पुढे काहीतरी जोरात कोसळणार असतं. अशा वेळी हात वर करायचे आणि वाट बघायची. मैदानातल्या प्रत्येकानं हात वर केले होते. हजारो हात, आणि सगळ्यांचे डोळे करड्या कोटातल्या एका माणसाकडे. जितका उशीर होईल, तितके चेहरे फुलत होते. पुढे कुणीतरी कुजबुजलं, "अजून नाही... अजून नाही..."

बाबांनी आजवर बोट दाखवलं की आवाज बंद व्हायचा. त्याबद्दल कुणी कधी हात वर केला नव्हता. आणि इथे एवढी माणसं त्यांच्याकडे एक खराब बेअरिंग मागत होती.

बाबांनी लाटण्याचं एक टोक मशीनला लावलं. दुसरं कानाला. डोळे मिटले. मैदानानं श्वास रोखून धरला. आई पर्स छातीशी धरून पुटपुटली, "आता काढा की हो!"

बाबांनी पायाच्या अंगठ्यानं फरशी सरकवली.

धबाक्!

पुढे काय झालं, ते शेजारच्या इमारतीतल्या लोकांनी पोलिसांना जास्त नीट सांगितलं. मशीन सुटलं, मामा सुटला, ठोक्यानं सगळे आवाज एकदम परत सोडले आणि मैदान जमिनीवरून वर गेलं ते बराच वेळ खाली आलं नाही. "हां, हे बघ, आलं!" असं बाबा माइकशेजारीच ओरडले, आणि हजारो पोरं पुढच्या प्रत्येक ठोक्याला "आलं!" असं ओरडायला लागली. शेवटी मशीन स्टेजच्या अगदी काठाशी येऊन, मॅडमच्या नाकासमोर थांबलं आणि चक्र संपल्यावर वाजते ती बारीकशी घंटी वाजवून गप्प झालं. चादर मात्र छान पिळली गेली होती.

मॅडम स्टेजमागे आल्या. त्यांचा शर्ट चुरगळला होता आणि केसांचा अंबाडा सुटला होता.

"ती शांतता," त्या म्हणाल्या. "इतका वेळ ताणायची हिंमत कुणी करत नाही. कुणाचं डोकं?"

"बाबांचं," ठोक्या म्हणाला.

"आणि मशीनला मिठी मारणारे ते नर्तक?"

"मामा आहेत."

"पुढच्या कार्यक्रमांना येतील?"

"सोमवारी असेल तर बघू," मामा धापा टाकत म्हणाला. "सोमवारी दुकान बंद असतं." आणि त्यानं मॅडमच्या हातात फरशीचा नमुना ठेवला.

अल्बम ठरला. करारात कंपनीनं एकच जगावेगळी अट घातली: मशीन दुरुस्त करायचं नाही. बाबांनी सही करण्याआधी ती अट तीनदा वाचली. आईनंही तिची अट घातली. गाणारं मशीन तुमचं, मला धुणारं वेगळं आणून द्या. त्यामुळे जुनं मशीन ठोक्याच्या खोलीत गेलं. मामानं दुकानातल्या खुर्चीवरचं प्लास्टिक अखेर काढलं आणि स्वतः येऊन ते मशीनवर घातलं, धूळ बसू नये म्हणून. खुर्चीवर आता मांजर बसतं.

नवं मशीन बाथरूममधल्या त्या स्वच्छ चौकोनावर आलं. एकदम आधुनिक. पिळतानासुद्धा श्वासाएवढा आवाज नाही. आईनं शेजारच्यांना बोलावून ते ऐकवलं, म्हणजे ऐकवलं नाही.

बाबा दोन दिवस त्याच्यापुढे स्टूल टाकून बसले. लाटणं लावून पाहिलं. काही नाही. या बाजूनं लावलं. काही नाही. जेवताना म्हणाले, "चांगलं आहे. पण त्याला स्वतःचं असं काही म्हणायचं नाहीये." आईनं त्यांच्याकडे रोखून पाहिलं, तेव्हा त्यांनी मीठ मागितलं.

तिसऱ्या दिवशी आई बाजारात गेली. ठोक्या हेडफोन लावून बसला होता. बाबा बाथरूममध्ये शिरले, दार ढकलून घेतलं. तेल पाजलेल्या बिजागऱ्या वाजल्या नाहीत. जुन्या मशीनमध्ये एक तार होतीच, पण कार्यक्रमानंतर, जोडीला दुसरी असावी म्हणून, त्यांनी तशीच एक मिळवून खिशात ठेवली होती. कुठून, ते विचारायची सोय नव्हती.

त्यांनी दोन्हीकडे पाहिलं. गोल दार उघडलं.

थोड्या वेळानं ठोक्यानं कानावरचा एक हेडफोन बाजूला केला. भिंतीपलीकडून काहीतरी येत होतं. अगदी बारीक, नवखं, लाजरं.

टिक्.

आणि त्याच्या पाठोपाठ बाबांचा दबलेला आवाज, "हां. अजून जरा डावीकडून."

समोरच्या इमारतीतला कुत्रा उठून घरात गेला.